फुगा का फुगला नाही?

यीस्टचा प्रयोग बहुतेक शिक्षकांनी कधी ना कधी केलेला असतो. बाटलीत कोमट पाणी, दोन चमचे साखर आणि अर्धा चमचा कोरडे यीस्ट घालायचे, बाटलीच्या तोंडाला फुगा बसवायचा आणि वाट पाहायची. तासाभरात फुगा उभा राहतो. यीस्टच्या पेशी साखर खातात, तिच्यापासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि हा वायू फुग्यात शिरतो. प्रयोग सोपा, खर्च कमी, मुले खूष.

आम्ही हा प्रयोग आठवीच्या वर्गात केला, तेव्हा आठ गटांपैकी सहांचे फुगे फुगले. दोघांचे तसेच लोंबकळत राहिले. तास संपत आला होता. "राहू दे, तुमचा प्रयोग फसला, शेजारच्या गटाचा पाहून वहीत लिहा," असे म्हणून आम्ही त्या दोन बाटल्या मोरीत ओतायला निघालो. तेवढ्यात एका मुलीने विचारले, "पण बाई, आमचाच का नाही फुगला?"

प्रश्न सरळ होता आणि आमच्याकडे उत्तर नव्हते. बाटल्या ओतून दिल्या असत्या, तर ते कधी मिळालेही नसते. बाटल्या ठेवून दिल्या. त्या शोधाकडे शेवटी येऊच. आधी ज्यांनी हाच प्रश्न शेकडो वर्षे विचारला आणि ज्यांचे पोट त्याच्या उत्तरावर अवलंबून होते, त्या लोकांकडे जाऊ. हे लोक म्हणजे बिअर बनवणारे.

धान्याची साखर कशी होते?

द्राक्षाच्या रसात साखर तयारच असते. धान्यात ती नसते, स्टार्च असतो. यीस्टला स्टार्च खाता येत नाही. म्हणून बिअरची पहिली पायरी म्हणजे स्टार्चचे तुकडे करून साखर मिळवणे. हे काम माणूस धान्याकडूनच करवून घेतो. जव भिजवून त्याला मोड आणतात. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाची विकरे तयार होतात. कोंबाला वाढीसाठी साखर हवी, ती पुरवण्याची ही दाण्याची सोय. मोड पुरेसे आले, की दाणे वाळवून कोंबाची वाढ थांबवतात. याला माल्ट म्हणतात.

आपल्याला हे अनोळखी नाही. बाळासाठी नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळतात, ते हेच. मोडाच्या नाचणीचे पीठ वापरले की पेज पातळ होते, हे घरोघरच्या आज्यांना माहीत असते. वर्गात करून पाहता येईल. तांदळाच्या पिठाची घट्ट पेज शिजवा. ती साधारण ६५ अंश सेल्सिअसपर्यंत निवू द्या आणि त्यात एक चमचा मोडाच्या नाचणीचे कच्चे पीठ ढवळा. थोड्याच वेळात पेज सैल होऊ लागते. दुसऱ्या भांड्यात तेच पीठ आधी पाण्यात चांगले उकळून मग घाला. पेज घट्टच राहते, कारण उकळण्याने विकरे निकामी झालेली असतात.

बिअर बनवणारा माल्ट भरडून गरम पाण्यात तासभर ठेवतो. पाणी ६२ ते ७० अंशांच्या दरम्यान असावे लागते. अमायलेज दोन प्रकारचे असते. एक थोड्या कमी तापमानाला चांगले चालते आणि यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त करते. दुसरे थोड्या जास्त तापमानाला टिकते, पण त्याने केलेले काही तुकडे यीस्टला खाता येत नाहीत. म्हणून त्याच धान्याची ६३ अंशांना केलेली बिअर पातळ आणि ६९ अंशांना केलेली दाट लागते. पाच-सहा अंशांचा हा फरक जिभेला कळतो.

उकळणे, निवणे, आंबणे

गाळून घेतलेला गोड रस पुढे तासभर उकळतात. त्यात हॉप नावाच्या वेलीची फुले घालतात. त्यांच्यामुळे कडवटपणा येतो, शिवाय दूध आंबवणाऱ्या जिवाणूंसारख्या काही जिवाणूंना आळा बसतो. मग रस झटपट निववतात. कोमट गोड रस म्हणजे यीस्टइतकीच जिवाणूंचीही मेजवानी असते, तेव्हा या अवस्थेत वेळ घालवणे धोक्याचे.

रस सुमारे २० अंशांवर आला की यीस्ट घालतात. सुरुवातीला रसात थोडी हवा मिसळलेली असावी लागते, कारण नव्या पेशींचे आवरण बनवायला यीस्टला ऑक्सिजन हवा असतो. एकदा आंबणे सुरू झाले की मात्र हवा नको. भांड्याला असे झाकण असते की आतला वायू पाण्यातून बुडबुड्यांनी बाहेर पडेल, पण बाहेरची हवा आत येणार नाही.

आंबण्याची प्रगती घनतामापकाने मोजतात. साखर विरघळलेला रस पाण्यापेक्षा जड असतो. साखर संपत जाते आणि पाण्यापेक्षा हलके अल्कोहोल तयार होते, तसतशी घनता उतरते. सुरुवातीला सापेक्ष घनता १.०४५ असेल आणि शेवटी १.०१० वर थांबली, तर अल्कोहोल आकारमानाने सुमारे साडेचार टक्के झाले असे समजतात. आकडा दोन-तीन दिवस हलला नाही, तरच आंबणे संपले म्हणायचे. बुडबुडे थांबले एवढ्यावर विसंबून चालत नाही.

बिघाडांची यादी

ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी बिअर बनवायला परवान्याची गरज उरली नाही. अमेरिकेत तशी परवानगी देणारा कायदा १९७८ मध्ये झाला. तेव्हापासून तिथे हा हजारो लोकांचा छंद आहे. आपल्याकडे तसे नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि या लेखाचा हेतूही बिअर बनवायला शिकवण्याचा नाही. पण त्या छंदिष्टांनी जमवलेली बिघाडांची यादी विज्ञानशिक्षकाने जरूर पाहावी अशी आहे. खूण दिसली की कारण कुठे शोधायचे, हे ती सांगते.

दोन दिवस झाले तरी आंबणे सुरूच झाले नाही, तर यीस्ट जुने असेल, रस गरम असताना घातले गेले असेल, किंवा खोली फार थंड असेल.

आंबट वास आला, तर जिवाणू शिरले. दह्यासारखा आंबटपणा असेल तर लॅक्टिक आम्ल बनवणारे, व्हिनेगरसारखा असेल तर अॅसेटिक आम्ल बनवणारे. दुसऱ्या प्रकारच्या जिवाणूंना हवा लागते, म्हणजे झाकणातून हवा आत येत होती हेही कळले.

लोण्यासारखा वास आला, तर तो डायअॅसिटिल या पदार्थाचा. यीस्ट आंबवताना तो बनतो आणि नंतर यीस्टच तो परत शोषून घेते. म्हणजे घाईने यीस्ट काढून टाकले गेले. बिअर यीस्टसह थोड्या उबेत दोन-तीन दिवस आणखी ठेवली, तर वास सहसा जातो.

उग्र, नकोसा वास आला आणि बाटली उन्हात राहिली होती, तर दोष प्रकाशाचा. प्रकाशाने हॉपमधल्या कडू पदार्थांचे विघटन होते. बिअरच्या बाटल्या बहुधा तपकिरी असतात, त्याचे हे कारण.

बाटल्या फुटल्या, तर साखर शिल्लक असतानाच बुचे लावली गेली. याचे गणित मुलांना घालता येईल. १० ग्रॅम साखर पूर्ण आंबली, तर सुमारे ५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बनतो. खोलीच्या तापमानाला त्याला पावणेतीन लीटरहून अधिक जागा लागते. आपल्या फुग्याच्या बाटलीला झाकण लावून ठेवायचे नाही ते यासाठीच.

एकच खूण, दोन कारणे

ही यादी एका दिवसात झालेली नाही. १८५६ मध्ये फ्रान्समधल्या लील शहरात बीटपासून अल्कोहोल बनवणारा बिगो नावाचा कारखानदार लुई पाश्चरकडे आला. त्याची काही पिंपे नासत होती, काही चांगली राहत होती. पाश्चरने दोन्हींतले थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चांगल्या पिंपात यीस्टच्या गोलसर पेशी होत्या, नासलेल्यात त्यांहून खूप लहान असे वेगळेच जीव होते. नासणे हासुद्धा एक प्रकारचा किण्वनच आहे, फक्त तो दुसऱ्या कुणाचा तरी आहे, हा विचार इथून पुढे आकाराला आला. १८७१ मध्ये पाश्चरने लंडनच्या व्हिटब्रेड कारखान्यात यीस्ट तपासून त्यात नको असलेले जीव दाखवले. आठवड्याभरात त्या कारखान्याने स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतला.

पण कथा इथे संपत नाही. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यातली बिअर १८८३ मध्ये बिघडू लागली. चव कडवट, वास वाईट. पाश्चरच्या शिकवणीप्रमाणे संशय जिवाणूंवर जायला हवा होता. कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या एमिल ख्रिस्तियन हान्सनला वाटले, की हे काम यीस्टचेच असावे, पण वेगळ्या, रानटी यीस्टचे. सूक्ष्मदर्शकाखाली चांगले आणि वाईट यीस्ट जवळजवळ सारखेच दिसत होते. मग ओळखायचे कसे?

हान्सनने यीस्टचे पाणी इतके पातळ केले, की प्रत्येक चंबूत सरासरी अर्धीच पेशी जावी. काही चंबूंत काहीच वाढले नाही. ज्यांच्या तळाशी एकच ठिपका वाढला, तिथे एकच पेशी पडली होती असे मानता आले. एका पेशीचा वंश दुसरीत न मिसळता वाढवला, प्रत्येकाची वेगळी बिअर करून पाहिली, आणि बिघाड करणारे यीस्ट हाती लागले. १२ नोव्हेंबर १८८३ रोजी कार्ल्सबर्गमध्ये शुद्ध यीस्ट प्रथम वापरात आले. कारखान्याचे मालक याकोब ख्रिस्तियन याकोबसन यांनी ही पद्धत आणि हे यीस्ट गुपित ठेवले नाही, इतर कारखान्यांनाही दिले.

याच प्रयोगशाळेत १८८३ मध्येच केल्डाल यांनी नायट्रोजन मोजण्याची पद्धत बसवली. धान्यातले प्रथिन त्यावरून काढतात. आणि आपण रसायनशास्त्राच्या तासाला शिकवतो ते पीएच मूल्य १९०९ मध्ये इथेच सोरेनसन यांनी मांडले.

पुन्हा त्या दोन बाटल्या

आता आमच्या वर्गात परत येऊ. मुलांना आम्ही म्हटले, "संशयितांची यादी करा." फळ्यावर चार नावे आली: मेलेले यीस्ट, विसरलेली साखर, गरम पाणी, फाटका फुगा. यीस्टची पुडी सर्वांची एकच होती आणि सहा फुगे फुगले होते. म्हणजे पुडीतले यीस्ट सुटले.

मग बाटल्या नीट पाहिल्या. हे आम्ही आधी केलेच नव्हते! एका बाटलीत पाणी शांत होते. दुसरीत चांगला फेस आलेला होता. दोन्ही फुगे सारखेच लोंबकळत होते, पण बाटल्या सारख्या नव्हत्या. फेसाच्या बाटलीवरचा फुगा काढून, फुंकून पाण्यात बुडवला. एका छिद्रातून बुडबुडे निघाले. त्या गटाचे यीस्ट उत्तम काम करत होते, वायू फक्त निघून जात होता.

शांत बाटलीत उरलेल्यातले अर्धा चमचा ताजे यीस्ट घातले, बाकी काहीही बदलले नाही. अर्ध्या तासात फेस आला. म्हणजे साखर होती, आणि आताचे पाणीही ठीक होते. मरण पावले होते ते पहिले यीस्ट. गटातल्या मुलाने हळूच कबूल केले, "आम्ही चहाच्या किटलीतलं पाणी घेतलं होतं. लवकर फुगेल असं वाटलं." यीस्ट ३५ ते ४० अंशांना खुलते, पण ६० अंशांच्या पुढे मरते. दुसऱ्या दिवशी त्या गटाने २०, ४०, ६० आणि ८० अंशांच्या पाण्याच्या चार बाटल्या लावून हे पडताळून पाहिले. प्रयोगानंतरचे पाणी मुलांनी चाखायचे नाही, टाकून द्यायचे, एवढे पथ्य पाळले.

त्या दिवशी ज्यांचे फुगे फुगले, त्यांनी पुस्तकातले वाक्य वहीत उतरवले. ज्यांचे फुगले नाहीत, त्या दोन गटांनी दोन-दोन पाने लिहिली. वहीत "प्रयोग फसला" असा शेरा लिहिण्याआधी आता आम्ही थांबतो आणि विचारतो, "संशयित कोण कोण?"