शनिवारची पाळी

सकाळचे पावणेसात. साताऱ्यातल्या डायलिसिस केंद्रात पहिली पाळी लागते आहे. आई चपला काढून वजनकाट्यावर उभी राहते आणि आकडा स्वतःच वाचते.

"अठ्ठेचाळीस किलो शंभर. माझं कोरडं वजन सेहेचाळीस. म्हणजे दोन लिटर शंभर काढायचं, बरोबर ना रे दादा?"

टेक्निशियन मान डोलावतो. तिनं उभी हयात अंगणवाडीत पोरांची वजनं केली. मधुमेहानं मूत्रपिंडं निकामी केल्यापासून स्वतःच्या वजनाची वहीही ती तशीच काटेकोर ठेवते : तारीख, येतानाचं वजन, जातानाचं वजन, बीपी. खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून भागतो. त्याची कागदपत्रंही तिच्याच पिशवीत, क्रमानं लावलेली.

डाव्या हातात बांगड्या नाहीत. मनगटाच्या वर फिस्टुला आहे. धमनी जोडल्यामुळे तिथली शीर दोरखंडासारखी फुगली आहे. त्या हातावर बीपी घ्यायचं नाही, ओझं टांगायचं नाही, तो अंगाखाली घेऊन झोपायचं नाही. आई त्यावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवते. आतली थरथर बोटांना लागते. रोज उठल्या उठल्या ती हे बघते. थरथर थांबली तर लगेच दवाखाना गाठायचा, हे तिनं घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवलं आहे.

दोन जाड सुया जायच्या असतात. ती डोळे मिटत नाही.

"मागच्या जागेवर नको, जरा वर घे. सारखं तिथंच टोचलं की शीर फुगते."

लाल नळीतून रक्त बाहेर पडतं, डायलायझरमधल्या केसाएवढ्या पोकळ तंतूंमधून फिरतं आणि निळ्या नळीतून अंगात परततं. चार तास. आठवड्यातून तीनदा.

शेजारच्या खाटेवरची बाई नवीन आहे. "तहान सोसवत नाही हो," ती रडवेली होऊन म्हणते. आई मान वळवते.

"डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं पाणी सकाळीच बाटलीत भरून ठेवा. चहा घेतला की तेवढं त्यातनं ओतून टाकायचं. आमटी, ताक, सगळं पाण्यातच धरायचं. मीठ कमी केलंत की तहानही कमी लागेल. आणि बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकडा, पाणी फेकून द्या. पोटॅशियम त्यात उतरतं. नारळपाणी मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी नाही."

तिसऱ्या तासाला तिच्या पोटरीत गोळा येतो. कपाळावर घाम. मी उठेपर्यंत तिची हाक गेलेली असते : "दादा, पाय धरला. बीपी बघ." तो पाणी ओढण्याचा वेग कमी करतो, थोडं सलाइन सोडतो. मी तिचा चवडा वरच्या बाजूला दाबून धरते. दगड झालेली पोटरी हळूहळू सैल पडते.

"किती?"

"शंभर-साठ, मावशी."

"वहीत लिही गं."

मी लिहिते. नातेवाईक तिला सोशीक म्हणतात. मला ते अपुरं वाटतं. सोशीक माणूस गप्प राहतं. आई दुखलं की सांगते, कळलं नाही की विचारते, आणि कळलेलं शेजारणीला देऊन टाकते. शरीर मशीनच्या हवाली केलं तरी त्याचा कारभार तिनं आपल्याच हाती ठेवला आहे. मला तिचा फार अभिमान वाटतो.

सुया निघतात. ती कापूस दाबून धरते, मग पुन्हा काट्यावर. "सेहेचाळीस शंभर. शंभर ग्रॅम राहिलं." चेहरा ओढलेला आहे. आज घरी जाऊन पडायचं, हे तिनं आधीच ठरवलं आहे; बचत गटाची बैठक म्हणूनच उद्या ठेवली आहे.

निघताना ती टेबलाशी थांबते. "परवा, शनिवारी, मला दुसऱ्या पाळीत घे. सकाळी शाळेत नातीचा बक्षीस समारंभ आहे."

तो हो म्हणतो. रजिस्टरात तसं लिहून होईपर्यंत आई टेबलापासून हलत नाही.