‘अ‍ॅव्हरेज’चा हिशेब आणि ३६५ किलोमीटरांची वाट

मनालीहून लेहकडे जाताना हिमाचल प्रदेशात तांदी नावाचे एक लहानसे गाव लागते. चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा येथे संगम होतो व पुढील प्रवाह चंद्रभागा, अर्थात चिनाब, या नावाने ओळखला जातो. पंढरपुरात भीमेलाच चंद्रभागा म्हणण्याची परंपरा असलेल्या मराठी माणसाला हे नाव ऐकून आपलेपणा वाटावा, यात नवल नाही. तथापि मोटारसायकलवरून लडाखला निघालेल्या प्रवाशांच्या स्मरणात तांदी राहते ते संगमामुळे नव्हे, तर तेथील पेट्रोल पंपावरील एका फलकामुळे. पुढील पंप ३६५ किलोमीटर अंतरावर आहे, अशी सूचना देणारा हा फलक कित्येक वर्षे प्रवाशांच्या छायाचित्रांत झळकत आला आहे. लेहच्या अलीकडे कारू येथे पंप आहे आणि या मार्गावरील सोयीही हळूहळू वाढत आहेत. तरीही फलकावरील आकडा गृहीत धरूनच निघणे, हे जाणत्या प्रवाशाचे लक्षण समजले जाते.

या फलकासमोर उभा राहिलेला प्रत्येक दुचाकीस्वार मनातल्या मनात एक गुणाकार करतो. टाकीत बसणारे लिटर गुणिले गाडीचे ‘अ‍ॅव्हरेज’. उत्तर ३६५ पेक्षा मोठे आले की तो निश्चिंत होतो. गुणाकारात सहसा चूक नसते. चूक असते ती त्यात घातलेल्या आकड्यात.

सरासरी म्हणजे हमी नव्हे

‘गाडी काय अ‍ॅव्हरेज देते?’ हा प्रश्न आपल्याकडे नवी गाडी घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी विचारला जातो. एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, या अर्थाने हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याचा मूळ अर्थ ‘सरासरी’ असा आहे, याचे सहसा भान राहत नाही. बचत खात्यातील तिमाही सरासरी शिल्लक दहा हजार रुपये असली, तरी धनादेश वटण्यासाठी तो सादर झालेल्या दिवसाची शिल्लक पाहिली जाते. त्या दिवशी खात्यात दोनच हजार असतील, तर सरासरीचा दाखला उपयोगी पडत नाही. पेट्रोलच्या टाकीचा व्यवहारही असाच आहे. वर्षभराच्या खर्चाचा अंदाज बांधण्यासाठी सरासरी उत्तम. परंतु दोन पंपांमधील निर्मनुष्य अंतर पार करताना उपयोगी पडतो तो सर्वांत वाईट दिवसाचा आकडा.

जाहिरातीत वा माहितीपत्रकात दिलेला आकडा तर त्याहूनही वेगळा असतो. भारतात वाहनांची चाचणी घेणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांपैकी एक, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुण्याच्या वेताळ टेकडीवर आहे. अशा चाचणीत गाडीचे चाक रुळांवर फिरवून, ठरावीक क्रमाने वेग कमी-जास्त करत, इंधनाचा वापर मोजला जातो. वारा, चढ, चिखल किंवा मागील आसनावर बांधलेले बोचके यांना तेथे वाव नसतो. ही त्या चाचणीतील उणीव नव्हे. सर्व गाड्यांना एकच फूटपट्टी लावून त्यांची परस्परांशी तुलना करता यावी, हाच तिचा हेतू आहे. त्या आकड्यावरून प्रवासाचे अंतर काढणे, हा मात्र त्याचा गैरवापर ठरतो.

पेट्रोल जाते कोठे?

सपाट रस्त्यावर मोटारसायकलचे इंधन प्रामुख्याने खर्च होते ते हवा बाजूला सारण्यात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरवरून वेग ९० वर नेला, म्हणजे दीडपट केला, तर हा विरोध सव्वादोन पट होतो. समोरून ताशी ३० किलोमीटर वेगाने वारा येत असेल, तर ६० च्या वेगानेही इंजिनाला ९० चाच विरोध सोसावा लागतो. दोन्ही बाजूंना लटकवलेल्या रुंद पेट्या आणि ताठ बसलेला स्वार या विरोधात आपली भर घालतात. म्हणूनच शहरात ४० किलोमीटर देणारी गाडी महामार्गावर ३० वर आली, तर गाडीला दोष देण्याआधी वेगाचा काटा आठवून पाहावा.

दुसरा खर्च चढाचा. गाडी, स्वार आणि सामान मिळून ३०० किलो वजन धरले, तर ते १,००० मीटर उंच चढवण्यासाठी लागणारी ऊर्जा साधारण ३० लाख ज्यूल भरते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२० लाख ज्यूल ऊर्जा असते. परंतु इंजिन तिच्यापैकी जेमतेम चौथा हिस्सा चाकापर्यंत पोहोचवते. याचा अर्थ दर हजार मीटर चढाईला ३५० ते ४०० मिलिलिटर पेट्रोल केवळ उंची गाठण्यासाठी जाते. तांदीहून निघाल्यावर बारालाचा, नकी ला, लाचुलुंग ला आणि तांगलांग ला अशा खिंडी एकामागून एक येतात. शेवटची खिंड ५,३०० मीटरांहून उंच आहे. चढांची बेरीज साडेतीन हजार मीटरांच्या पुढे जाते, म्हणजे सव्वा लिटरहून अधिक पेट्रोल चढाच्या नावे मांडावे लागते. उतारावर त्यातील काही भाग परत मिळतो. पण वळणावळणाच्या घाटात बराचसा भाग ब्रेकमध्येच जिरतो. सरचूनंतरच्या गाटा लूप्सची २१ वळणे या हिशेबाची चांगलीच आठवण करून देतात.

तिसरी बाब विरळ हवेची. ५,००० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच उरते. जुन्या गाडीच्या कार्ब्युरेटरला हे उमगत नाही. हवा कमी झाली तरी तो पेट्रोल त्या मानाने कमी करत नाही. परिणामी मिश्रण ‘श्रीमंत’ होते, धूर काळा येतो, ताकद घटते आणि अ‍ॅव्हरेज कोसळते. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींवर इंधन अंतःक्षेपण, म्हणजे फ्युएल इंजेक्शन, आले. त्यातील संवेदक हवेचा दाब ओळखून पेट्रोलची मात्रा ठरवतात. इंजिनाची ताकद अशा गाडीतही कमी होते. परंतु इंधनाची उधळपट्टी होत नाही. उलट विरळ हवेचा विरोधही कमी असल्याने, पांगच्या पुढील मोरे मैदानासारख्या सपाट पट्ट्यात बेताच्या वेगाने चालवलेली अशी गाडी अपेक्षेहून बरा आकडा दाखवू शकते. मात्र समोरून वारा सुटला, तर हा लाभ क्षणात नाहीसा होतो.

चौथी बाब प्रत्यक्ष इंधनाची. देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. एक लिटर इथेनॉलमधील ऊर्जा एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या व १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या दुचाकींचे अ‍ॅव्हरेज २० टक्के मिश्रणामुळे ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला होता. रोजच्या वापरात ही घट जाणवतही नाही. ३६५ किलोमीटरांत मात्र ती अकरा ते पंधरा किलोमीटरांची तूट ठरते.

टाकी मोठी की भूक लहान?

एका टाकीत गाडी किती दूर जाईल, हे दोन गोष्टींवर ठरते. टाकीत किती मावते आणि इंजिन किती खाते. प्रवासी मोटारसायकलींच्या कारखानदारांनी दोन्ही मार्ग अवलंबले आहेत. बी.एम.डब्ल्यू. कंपनीच्या जी.एस. अ‍ॅडव्हेंचर या मोठ्या गाडीला ३० लिटरची टाकी असते. रॉयल एन्फिल्डच्या २०१६ मधील हिमालयनला १५ लिटरची टाकी होती. २०२३ अखेरीस आलेल्या नव्या हिमालयनला ती १७ लिटरची मिळाली. याउलट होंडाने आपल्या प्रसिद्ध गोल्ड विंगची टाकी २०१८ च्या आवृत्तीत २५ लिटरवरून सुमारे २१ लिटरवर आणली. गाडी हलकी आणि इंजिन अधिक काटकसरी केल्यामुळे पूर्वीइतकेच अंतर कमी पेट्रोलमध्ये कापता येईल, असा त्यामागील विचार होता.

या मालिकेत एक नाव अनपेक्षित वाटेल. पण ते वगळता येणार नाही. हीरोच्या स्प्लेंडर प्लस या गाडीची टाकी अवघी ९.८ लिटरची. लिटरला ५० किलोमीटर एवढाच माफक आकडा धरला, तरी ती ४९० किलोमीटर जाते. १५ लिटरची टाकी असलेल्या आणि लिटरला ३० किलोमीटर देणाऱ्या दणकट गाडीची मजल होते ४५०. उत्पन्न मोठे असूनही महिनाअखेर ओढाताण होणारे घर आणि बेताच्या मिळकतीत सुखाने चालणारे घर, या दोहोंतील फरक यापेक्षा निराळा नाही. अर्थात उंच खिंडीतील चढावर लहान इंजिनाची दमछाक होते, हेही तितकेच खरे.

हिशेब कसा मांडावा?

प्रवासाच्या किमान महिनाभर आधी आपल्या गाडीचे खरे अ‍ॅव्हरेज काढावे. टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटरचा आकडा टिपावा, गाडी चालवावी आणि पुन्हा त्याच पातळीपर्यंत भरून किती लिटर बसले ते पाहावे. असे पाच-सहा वेळा करून त्या नोंदी वहीत मांडाव्यात. त्यांपैकी किमान एक नोंद पूर्ण सामानासह, जोडीदाराला मागे बसवून आणि घाटरस्त्यावर घेतलेली असावी. नोंदींची सरासरी काढण्याचा मोह टाळावा. त्यातील सर्वांत लहान आकडा हाच आपला आकडा.

उदाहरणार्थ, १३ लिटरची टाकी आणि ३५ चे अ‍ॅव्हरेज असलेली गाडी कागदावर ४५५ किलोमीटर जाते. तांदीच्या फलकापेक्षा ९० किलोमीटर अधिक. परंतु टाकीच्या तळाचे अर्धा लिटर पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचेलच असे नाही, म्हणून १२.५ लिटर धरावेत. वाईट दिवसाचा आकडा २५ असेल, तर मजल येते ३१२ किलोमीटर. म्हणजे लेहच्या पन्नासएक किलोमीटर अलीकडेच टाकी कोरडी! त्यातही दरड कोसळून किंवा ओढ्याला पाणी चढून मागे फिरावे लागले, तर काय? त्यासाठी ३५ किलोमीटर जादा धरून ४०० चे उद्दिष्ट ठेवावे. ४०० भागिले २५, म्हणजे १६ लिटर. टाकीतील १२.५ वजा जाता साडेतीन लिटरची तरतूद वेगळी करावी लागेल. पाच लिटरचा एक चांगला धातूचा डबा ही गरज भागवतो आणि भरल्यावर त्यातील पेट्रोलचे वजन चार किलोंच्या आतच राहते.

हा डबा पेट्रोलसाठीच बनवलेला असावा. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत पेट्रोल नेणे धोक्याचे आहे. डबा गळ्यापर्यंत भरू नये. उंचीवर बाहेरील दाब जवळपास निम्म्यावर येतो व बंद डबा फुगतो. वाटेतील तंबूंमधून सुटे पेट्रोल मिळेल, या भरवशावर निघणे योग्य नव्हे. मिळाले तरी त्याच्या शुद्धतेची खात्री कोण देणार?

काटकसरीची पथ्ये

वाटेत काही साधी पथ्ये पाळल्यास मजल निश्चित वाढते. वेग ताशी ५० ते ६० च्या आसपास स्थिर ठेवावा. साखळी स्वच्छ व तेलकट असावी, हवेचा फिल्टर नवा असावा. टायरमधील हवा उत्पादकाने सांगितली तेवढीच ठेवावी. येथे एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. बाहेरील दाब घटल्यामुळे, तापमान तेच राहिले तर ५,००० मीटरवर मापकावरील आकडा मैदानी प्रदेशापेक्षा सुमारे सात पौंडांनी अधिक दिसतो. तो पाहून घाईघाईने बरीचशी हवा सोडली आणि खाली उतरल्यावर पुन्हा भरली नाही, तर टायर दबून चालतो व पेट्रोल वाया जाते.

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय अनेकांना असते. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना थ्रॉटल पूर्ण सोडला, तर साधारणतः इंधनाचा पुरवठाच थांबवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जळतच राहते. शिवाय इंजिनाचा रोध नाहीसा होऊन सारा भार ब्रेकवर येतो. थोडक्यात, बचत शून्य आणि जोखीम पूर्ण.

‘रिझर्व्ह’ची शिकवण

जुन्या गाड्यांच्या टाकीखाली पेट्रोलचा एक कॉक असे. गाडी धडधडत बंद पडू लागली की स्वार हात खाली नेऊन तो ‘रिझर्व्ह’वर फिरवी आणि तळाशी राखून ठेवलेल्या पेट्रोलवर गाडी पुन्हा धावू लागे. ‘गाडी रिझर्व्हला लागली’ हा वाक्प्रचार त्यातूनच रूढ झाला. आता त्याची जागा काट्याने आणि लुकलुकणाऱ्या दिव्याने घेतली आहे. राहिलेले किलोमीटर दाखवणारा पडदाही काही गाड्यांवर असतो. पण तो पडदाही मागील काही किलोमीटरांच्या वापरावरूनच पुढचे भाकीत करतो. पुढे खिंड आहे, हे त्याला ठाऊक नसते.

राखीव साठा हा नित्याच्या वापराचा भाग मानायचा नसतो, एवढे मात्र त्या कॉकने पिढ्यान्‌पिढ्यांना शिकवले. बँकांनाही आपल्या ठेवींचा ठरावीक हिस्सा राखीव म्हणून रिझर्व्ह बँकेकडे बाजूला ठेवावा लागतो. तो पैसा कर्जाऊ देता येत नाही आणि त्यावर व्याजही मिळत नाही. पाच लिटरचा तो डबा बहुतेक वेळा न उघडताच लेहला पोहोचतो. तो वाहून आणण्याचे कष्ट वाया गेले, असे मात्र कोणी समजू नये. टांगलेल्या त्या डब्यामुळेच बारालाचाच्या माथ्यावर थांबून हिमशिखरे निवांतपणे पाहता येतात, वाटेत अडलेल्या अनोळखी प्रवाशाला लिटरभर पेट्रोल देता येते आणि रस्ता बंद झालाच, तर न घाबरता मागे फिरता येते.