तिकिटाचीही हिशोबपट्टी वाचा

1,229 कोटी 85 लाख रुपये. 2021 ते जानेवारी 2024 या काळात प्रतीक्षायादीतली तिकिटे रद्द झाल्यामुळे रेल्वेच्या तिजोरीत जमा झालेली ही रक्कम. माहितीच्या अधिकारात विचारल्यावर रेल्वेनेच ती सांगितली. वर्षवार आकडेही त्यात होते. 2021 मध्ये 2 कोटी 53 लाख तिकिटांवर 242 कोटी 68 लाख, 2022 मध्ये 4 कोटी 60 लाख तिकिटांवर 439 कोटी 16 लाख आणि 2023 मध्ये 5 कोटी 26 लाख तिकिटांवर 505 कोटी. भागाकार करून पाहिला तर तिन्ही वर्षी उत्तर जवळपास एकच येते, तिकिटामागे 95-96 रुपये. जागा पक्की न होताच खिशातून गेलेले हे पैसे आहेत.

याचे मूळ एका छोट्या नियमात आहे. प्रतीक्षायादीतले तिकीट रद्द झाले की माणशी 60 रुपये कापले जातात, वातानुकूलित वर्गात त्यावर जीएसटी वेगळा. चौघांचे तिकीट असेल तर 240 रुपये. चार्ट लागला, नाव वर सरकले नाही आणि ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द झाले, तरी कपात होतेच. प्रवासी घरी बसलेला असतो आणि खात्यात परत आलेली रक्कम कमी का, हे त्याला उमगत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावहून मुंबईला जाणाऱ्या प्रवाशाला ही कपात दिल्लीला जाणाऱ्या प्रवाशापेक्षा जास्त बोचते. लासलगाव ते मुंबई रेल्वेने सुमारे 235 किलोमीटर. पंचवटी एक्स्प्रेसच्या आरक्षित दुसऱ्या वर्गाचे, म्हणजे बैठकीचे, भाडे दीडशे रुपयांच्या आत आहे. त्यातले 60 गेले म्हणजे किमान 40 टक्के गेले. लांब पल्ल्याच्या थ्री टायर एसीच्या 1,800 रुपयांच्या पक्क्या तिकिटावर वेळेत रद्द केल्यास 180 रुपये जातात, म्हणजे 10 टक्के. कपातीची रक्कम ठोक ठरलेली असली की जवळ जाणाऱ्याच्या वाट्याला तिचे ओझे जास्त येते. या सगळ्या विषयाचे मर्म मला यातच दिसते.

लासलगावात हे समजावून सांगायला वेळ लागू नये. कांदा विकून शेतकरी हिशोबपट्टी हातात घेतो तेव्हा त्याची नजर आधी भावावर आणि लगेच कपातीच्या रकान्यावर जाते. वजन, भाव, एकूण रक्कम, मग हमाली, तोलाई, आणि शेवटी हाती येणारा आकडा. त्यातली एकेक ओळ भांडून बदललेली आहे. 2016 मध्ये शेतकऱ्याच्या पट्टीतली आडत निघून खरेदीदाराकडे गेली, तेव्हा लिलाव बंद पडले होते. एप्रिल 2024 मध्ये हमाली, तोलाई आणि लेव्हीच्या कपातीवरून नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत पुन्हा लिलाव थांबले. क्विंटलमागच्या काही रुपयांसाठी इतके जागरूक असणारे आपण रेल्वेचे तिकीट मात्र फक्त सीट नंबरपुरते पाहतो.

आता तेच तिकीट पट्टीसारखे वाचू. पंचवटीच्या बैठकीच्या तिकिटात मूळ भाड्यावर माणशी 15 रुपये आरक्षण शुल्क आणि 15 रुपये सुपरफास्ट अधिभार असतो. स्लीपरला हेच आकडे 20 आणि 30, थ्री टायर एसीला 40 आणि 45. हे शुल्क चुकत नाही, पण गाडी सुपरफास्ट नसेल तर अधिभार लागत नाही. विनाआरक्षण डब्यातून जाणाऱ्यालाही सुपरफास्ट गाडीत हा अधिभार भरावा लागतो, आणि साधे तिकीट घेऊन घाईत पंचवटीत चढणारे नेमके इथेच अडकतात. तिकीटच नसेल तर भाड्यावर किमान 250 रुपये दंड.

ऑनलाइन तिकिटात त्याखाली सुविधा शुल्काची ओळ असते. नोटाबंदीनंतर नोव्हेंबर 2016 मध्ये ते माफ झाले आणि 1 सप्टेंबर 2019 पासून परत आले. कार्ड किंवा नेटबँकिंगने पैसे भरले तर विनावातानुकूलित तिकिटावर 15 रुपये, एसी तिकिटावर 30 रुपये. यूपीआयने भरले तर 10 आणि 20. वर 18 टक्के जीएसटी. एका वर्षात, 2021-22 मध्ये, या शुल्कातून आयआरसीटीसीला 694 कोटी रुपये मिळाले. हे शुल्क तिकिटामागे आहे, माणसामागे नाही, आणि एका तिकिटावर सहा जण बसतात. चार जणांनी कार्डावर चार वेगळी तिकिटे काढली तर 17 रुपये 70 पैशांप्रमाणे 70 रुपये 80 पैसे होतात. चौघांचे एकच तिकीट यूपीआयने काढले तर 11 रुपये 80 पैसे. 59 रुपये वाचले, आणि फक्त एकत्र बसून तिकीट काढावे लागले. आरक्षण खिडकीवर हे शुल्कच नाही. तिकीट रद्द केले तरी ते परत मिळत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

एजंटाकडे जाणाऱ्यांसाठी एक मर्यादा आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. आयआरसीटीसीच्या अधिकृत एजंटाला विनावातानुकूलित तिकिटावर 20 रुपये आणि एसी तिकिटावर 40 रुपये, अधिक कर, एवढेच सेवाशुल्क घेता येते. माणशी शंभर-दोनशे मागणारा एजंट नियमाबाहेर पैसे मागतो आहे.

पक्के तिकीट रद्द करण्याचे गणित आणखी कठोर आहे. नोव्हेंबर 2015 च्या नियमाप्रमाणे 48 तास आधी रद्द केल्यास बैठकीला माणशी 60, स्लीपरला 120, थ्री टायरला 180, टू टायरला 200 रुपये जात. 48 ते 12 तासांत भाड्याच्या 25 टक्के, 12 ते 4 तासांत 50 टक्के, आणि त्यानंतर काहीच परत मिळत नसे. त्यात एक अट आहे: टक्केवारीने येणारी रक्कम कितीही कमी असली तरी कपात त्या ठोक रकमेपेक्षा कमी होत नाही. दीडशे रुपयांचे 25 टक्के म्हणजे साडेसदतीस. तरीही कापले जातात 60. (या मुदती रेल्वे अधूनमधून बदलते, त्यामुळे तिकीट काढतानाच्या नियमाकडे एकदा नजर टाकावी.) प्रवास रद्द करण्याऐवजी घरातला दुसरा माणूस जाणार असेल, तर गाडी सुटण्याच्या 24 तास आधी आरक्षण खिडकीवर अर्ज करून पक्के तिकीट आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी किंवा पती-पत्नीच्या नावे करून घेता येते. गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि तुम्ही गेलाच नाहीत, तर पूर्ण रक्कम मिळते, मात्र गाडी सुटण्यापूर्वी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरलेला हवा.

तत्काळबद्दल मी स्पष्टच सांगतो: लासलगावहून मुंबईसाठी स्लीपर किंवा थ्री टायरचे तत्काळ तिकीट काढू नये. स्लीपरला तत्काळ शुल्क किमान 100 आणि कमाल 200 रुपये, थ्री टायरला 300 ते 400. त्यावर मोठी गोम अशी की या दोन्ही वर्गांत तत्काळ तिकिटाचे भाडे किमान 500 किलोमीटरचे धरले जाते. प्रवास 235 किलोमीटरचा आणि पैसे दुपटीहून जास्त अंतराचे. बैठकीच्या वर्गात ही किमान मर्यादा 100 किलोमीटर आहे आणि तत्काळ शुल्क 10 ते 15 रुपये, म्हणून घाईच्या वेळी तोच पर्याय परवडतो. पक्के तत्काळ तिकीट रद्द केले तर एक रुपयाही परत मिळत नाही.

सामानाचा मुद्दा आपल्या भागात वेगळा आहे, कारण मुंबईच्या नातेवाइकांकडे जाताना कांद्याची गोणी बरोबर असतेच. बैठकीच्या वर्गात 35 किलो आणि स्लीपरमध्ये 40 किलो सामान मोफत नेता येते. भरलेली गोणी 50 किलोची असेल तर एकट्या प्रवाशाची ती मर्यादेबाहेर गेली. नोंद न करता नेलेले जादा सामान पकडले गेले तर सामानाच्या दराच्या सहापट आकारणी होऊ शकते. अर्धी गोणी न्यावी, किंवा पार्सल कार्यालयात आधी नोंद करावी. पाण्याच्या बाटलीचेही पाहावे: गाडीत विकले जाणारे एक लिटर रेल नीर 22 सप्टेंबर 2025 पासून 14 रुपयांना आहे, बाटलीवरची छापील किंमत दाखवून तेवढेच द्यावेत. जास्त मागितले तर 139 वर तक्रार करता येते.

रस्त्याने जाणाऱ्यांचे आकडे थोडक्यात. 15 नोव्हेंबर 2025 पासून फास्टॅग नसलेल्या किंवा बंद पडलेल्या गाडीला राष्ट्रीय महामार्गावर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट टोल पडू लागला. 100 रुपयांच्या टोलला 200 किंवा 125. खासगी कारसाठीचा 200 फेऱ्यांचा वार्षिक पास 2025 मध्ये सुरू झाला तेव्हा 3,000 रुपयांना होता, म्हणजे नाक्यामागे 15 रुपये. घोटी आणि अर्जुनाली या दोन नाक्यांवरून मुंबईला जाऊन परत आले तर चार वेळा नाका ओलांडून त्या हिशोबाने साधारण 60 रुपयांत काम होते. समृद्धी महामार्गावर मात्र हा पास चालत नाही. मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर 2024 पासून टोल माफ आहे.

दिवाळीत खासगी बसवाले सांगतील ते भाडे आपण मुकाट्याने देतो. 27 एप्रिल 2018 च्या शासन निर्णयानुसार त्यांना एसटीच्या त्याच प्रकारच्या बसच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडे घेता येत नाही. 25 जानेवारी 2025 पासून एसटीचे भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले, त्यामुळे ही मर्यादाही वाढली: पूर्वी 100 रुपये असलेल्या एसटी भाड्यावर खासगी बसची कमाल 150 होती, आता ती साधारण 172 रुपये होते. त्यापुढची मागणी बेकायदा आहे आणि तक्रार आरटीओकडे करायची असते. तिकीट किंवा पैसे भरल्याचा पुरावा मात्र हवा.

हे सारे पाळूनही प्रतीक्षायादीचे 60 रुपये वाचत नाहीत, कारण तिथे प्रवाशाच्या हातात काहीच नसते. जागा देता आली नाही म्हणून आपोआप रद्द झालेल्या तिकिटावर रेल्वेने कपात करू नये, आणि पक्के तिकीट रद्द करण्याचे शुल्क अंतराच्या प्रमाणात असावे. लासलगाव, निफाड, मनमाडच्या प्रवासी संघटनांनी ही मागणी मध्य रेल्वेकडे लेखी करावी आणि आपल्या खासदारांना ती संसदेत मांडायला लावावी.