फवाऱ्याची साक्ष

मास स्पेक्ट्रोमीटरवर लिहावे असे संपादकांनी सुचविले, तेव्हा यंत्राचा पूर्वेतिहास चाळणे क्रमप्राप्त होते. रेणूंस विद्युत्भार देऊन वस्तुमानाप्रमाणे त्यांची वर्गवारी करण्याचा पाया जे. जे. टॉमसन व ॲस्टन यांनी केंब्रिज येथे घातला, आणि विद्युत्-फवाऱ्याच्या द्वारे प्रथिनांसारखे अवजड रेणू यंत्रात नेण्याच्या कामगिरीबद्दल जॉन फेन २००२ सालच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले, एवढा तपशील येथे पुरे आहे. कारण माझे मन जडले ते अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठात, ग्रॅहॅम कुक्स यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या एका लहानशा तोटीवर.

तोवर शिरस्ता असा होता की, ऊतकाचा तुकडा असो वा झाडाचे पान, तो आधी कुटावा, विरघळवावा, गाळावा आणि मगच यंत्राच्या स्वाधीन करावा. या खटाटोपात रेणू हाती लागत, परंतु ते मूळच्या पदार्थात नेमके कोठे होते याचा पुरावा कायमचा नष्ट होई. २००४ साली झोल्टान टाकाच, कुक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी फवारा थेट नमुन्याच्या पृष्ठभागावरच सोडला. अतिसूक्ष्म नळीतून मिनिटास काही मायक्रोलिटर, बहुधा मिथेनॉल व पाणी यांचे मिश्रण वाहते, त्यास काही हजार व्होल्टांचा विद्युत्दाब दिलेला असतो, आणि भोवतालच्या नायट्रोजनच्या झोताने त्याचे भारित तुषार होऊन ते सेकंदास शंभर मीटरांहून अधिक वेगाने नमुन्यावर आदळतात. पहिल्या तुषारांनी पृष्ठभागावर द्रवाचा पातळ थर धरतो आणि त्यात तेथील रेणू विरघळतात. मग पागोळीचा थेंब अंगणात साचलेल्या पाण्यावर पडून शिंतोडे उडावेत त्याप्रमाणे मागाहून येणारे तुषार त्या थरातून रेणूंनी भरलेले बारीक थेंब उडवितात, आणि ते यंत्राच्या मुखात ओढले जातात. हे सर्व उघड्या हवेत घडते, आणि नमुना तोटीखाली रेषेरेषेने सरकविला असता कोणता रेणू कोठे वसतो याचा नकाशाच तयार होतो.

या नकाशाचे मोल शस्त्रक्रियागृहात कळते. मेंदूतील काही अर्बुदांत एका विकृत जनुकामुळे २-हायड्रॉक्सीग्लुटारेट नावाचे द्रव्य साचते. बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयातील चिकित्सकांनी कुक्स यांच्या सहकार्याने, शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतकात ते द्रव्य काही मिनिटांत ओळखता येते, असे २०१४ साली दाखवून दिले. मेंदूचा निरोगी अंश जेथे रेसभरही अधिक कापता येत नाही, तेथे अर्बुदाची हद्द मुक्रर करण्यास मिळालेले हे साधन मला अत्यंत आदरणीय वाटते.

तथापि ही तोटी मोठी हट्टी आहे. पृष्ठभागापासून तिचे अंतर एक-दोन मिलिमीटर, तिचा कोन, झोताचा दाब, यांत किंचित फरक पडला की संकेत क्षीण होतो, आणि एका प्रयोगशाळेने कसोशीने साधलेली मांडणी दुसरीकडे बरहुकूम उतरेलच असे नाही. ऊतकातील क्षार आणि विपुल स्निग्ध द्रव्ये अल्प प्रमाणातील रेणूंचा संकेत दाबून टाकतात. सबब यंत्रात एखादा रेणू न दिसणे म्हणजे तो नमुन्यात नसणे, असा निष्कर्ष काढता येत नाही. समान वस्तुमानाचे परंतु भिन्न रचनेचे रेणू केवळ वस्तुमानावरून ओळखू येत नाहीत. फवाऱ्याचा ठसा सामान्यतः मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा, तर पेशी बहुधा त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान. म्हणून एका ठशात निरोगी व रोगट पेशींची सरमिसळ होते.

सर्वांत बिकट मामला तुलनेच्या दप्तराचा आहे. प्रत्येक अर्बुदास २-हायड्रॉक्सीग्लुटारेटसारखी एकच स्पष्ट खूण नसते. पुष्कळदा अनेक स्निग्ध द्रव्यांच्या परस्पर प्रमाणावरून निदान करावे लागते, आणि त्यासाठी विकृतिशास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली पारखलेल्या, नानाविध वयाच्या व प्रकृतीच्या रुग्णांच्या ऊतकांच्या नोंदी आधी जमवाव्या लागतात. ते दप्तर अपुरे असेल, तर तोटी कितीही अचूक बसविली तरी तिची साक्ष दिशाभूल करील, आणि त्याचे फळ टेबलावर निजलेल्या रुग्णास भोगावे लागेल. नव्या तोटीचा गौरव करणाऱ्या संस्थांनी या नीरस, दीर्घकाळ चालणाऱ्या नोंदींच्या कामासही तितक्याच उदारपणे द्रव्य व मनुष्यबळ पुरविले पाहिजे. आणि ते पूर्ण होईपर्यंत अंतिम निर्णयाचा अधिकार विकृतिशास्त्रज्ञाकडेच राहिला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.