माहिती-प्रणालीतील प्रतिदाब : स्वरूप आणि आवश्यकता

प्रस्तावना :
दहिवली-कर्जतच्या बाजारपेठेत एखादा खातेदार मोबाइलवरून दुकानदारास रक्कम देतो, तेव्हा यूपीआय प्रणालीत एक 'घटना' निर्माण होते. घटना निर्माण करणाऱ्या घटकास उत्पादक आणि तिच्यावर प्रक्रिया करणाऱ्या घटकास उपभोक्ता म्हणतात. उपभोक्त्याने आपली क्षमता उत्पादकास कळवून त्याचा वेग आवरण्याच्या व्यवस्थेस 'बॅकप्रेशर' अर्थात प्रतिदाब अशी संज्ञा आहे. प्रस्तुत लेखात या संकल्पनेचे विवेचन केले आहे.

रांगेची मर्यादा :
वेगातील तफावत भरून काढण्यासाठी दोहोंमध्ये प्रतीक्षा-रांग ठेवली जाते. समजा, उत्पादक सेकंदास 500 घटना पाठवितो व उपभोक्ता 400 हाताळतो. दर सेकंदास 100 घटना शिल्लक राहतात आणि 60,000 क्षमतेची रांग 10 मिनिटांत भरते. त्या वेळी रांगेच्या शेवटी असलेल्या घटनेस 150 सेकंद थांबावे लागते. तोपर्यंत उत्तर न आल्याने उत्पादक तीच विनंती पुन्हा पाठवितो व भार अधिकच वाढतो. रांग मोठी केल्यास संकट लांबते, टळत नाही. क्षणिक गर्दीसाठी रांग उपयुक्त असली, तरी कायमच्या तफावतीवर तो उपाय नव्हे.

प्रतिदाबाचे स्वरूप :
पुढील स्थानकाकडून 'लाइन क्लियर' मिळाल्याशिवाय मागील स्थानकाने गाडी सोडू नये, या रेल्वेच्या जुन्या पद्धतीत हेच तत्त्व आहे. इंटरनेटच्या टीसीपी नियमावलीतही (1981) स्वीकारणारा संगणक आपल्याकडील शिल्लक जागा कळवितो. जागा शून्य झाल्यास पाठविणारा थांबतो. जेथे उत्पादकास थांबविता येत नाही, तेथे विनंत्यांवर संख्येची मर्यादा घालणे किंवा कमी महत्त्वाच्या विनंत्या नाकारणे हे पर्याय उरतात.

यूपीआयचा अनुभव :
मुंबईस्थित भारतीय राष्ट्रीय भुगतान निगमाने 2016 मध्ये यूपीआय सुरू केले. 12 एप्रिल 2025 रोजी ही सेवा विस्कळीत झाली. काही बँकांकडून व्यवहाराची स्थिती विचारणाऱ्या विनंत्या, जुन्या व्यवहारांसाठीसुद्धा, वारंवार येत राहिल्याने प्रणालीवर ताण आल्याचे निगमाच्या तपासणीत आढळले. म्हणजे प्रत्यक्ष देवघेवीची वाट केवळ चौकशीच्या गर्दीने अडली. त्यानंतर 21 मे 2025 च्या परिपत्रकाने अशा विनंत्यांना मर्यादा घातल्या; उदाहरणार्थ, एका ॲपवरून खातेदारास 24 तासांत 50 वेळाच शिल्लक पाहता येईल असे ठरले. येथे चौकशी नाकारली तरी खातेदाराची हानी होत नाही. पैसे वळते करण्याची नोंद मात्र गहाळ होऊन चालत नाही.

निष्कर्ष :
प्रतिदाब परिणामकारक होण्यासाठी नकार थेट उगमापर्यंत पोहोचला पाहिजे आणि उत्पादकाने तो मानून पुनर्प्रयत्नांतील अंतर वाढविले पाहिजे. कोणती घटना थांबू शकते, कोणती वगळता येते व कोणती कधीही गमावता येत नाही, हे गर्दी होण्यापूर्वीच ठरविणे हा प्रणाली-रचनेचा अविभाज्य भाग होय.