गाठ नव्हे, पिशवी!

मराठी शिकविणाऱ्यानेच शब्दाचा अर्थ चुकवावा, यासारखी नामुष्की नाही. यंदाच्या श्रावणात माझ्या हातून ती घडली. वडशाच्या भाऊजींनी पोटदुखीसाठी सोनोग्राफी करून घेतली. पित्ताशय ठीक होते. पण स्वादुपिंडात १८ मिलिमीटरची 'सिस्ट' निघाली. ताईने मला चंद्रपूरला फोन करून अर्थ विचारला. मी बोलून गेलो, "गाठ." त्या रात्री त्यांच्या घरी कोणी जेवले नाही.

पुढे नागपूरला एमआरआय झाला, तेव्हा डॉक्टरांनी माझा शब्द दुरुस्त केला. गाठ म्हणताच आपण भरीव समजतो. ही तर द्रवाची पिशवी! जठरामागे आडव्या पसरलेल्या या ग्रंथीतून शरीराला पाचक रस व इन्सुलिन मिळते. तिच्यातील साऱ्या पिशव्या सारख्या नसतात. ग्रंथीच्या दाहानंतर द्रव साचून झालेली पिशवी कर्करोगाची नव्हे. पातळ, पाणीदार द्रवाची पिशवी जवळजवळ कधीच उलटत नाही. चिकट द्रवाच्या पिशवीवर मात्र नजर हवी. त्यांतल्या काही कालांतराने कर्करोगाकडे वळतात.

मग कापूनच का टाकू नये? कारण ही शस्त्रक्रिया मोठी. नंतर पचन बिघडू शकते, मधुमेह जडू शकतो. म्हणून आधी खुणा पाहावयाच्या: कावीळ, मुख्य नलिका १० मिलिमीटर वा अधिक रुंद होणे, पिशवीच्या आत ५ मिलिमीटर वा मोठा भरीव उंचवटा. यांपैकी काही दिसले, तर शस्त्रक्रियेचा सल्ला घेण्यास उशीर करू नये. पिशवी ३ सेंटिमीटरची झाली, तर दुर्बिणीवाटे आतून सोनोग्राफी करतात. गरजेप्रमाणे द्रवही तपासतात. भाऊजींना एकही खूण नव्हती. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, मग डॉक्टर सांगतील त्या अंतराने.

"आणि हे बंद!" डॉक्टरांनी भाऊजींच्या खिशाकडे बोट दाखविले. खिशातून खर्ऱ्याची पन्नी डोकावत होती. विडी-सिगारेटच नव्हे, तर तोंडात धरलेली तंबाखूही स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे कारण ठरली आहे. गडचिरोली जिल्ह्यात 'मुक्तिपथ' अभियान तंबाखू सोडा म्हणून गावोगाव सांगत आले. आमच्या घरी मात्र ते पटावयास पिशवी निघावी लागली!

भाऊबीजेला मी वडशाला जाणार आहे. भाऊजींनी खर्रा सोडला आहे. पुढील तपासणी माघात आहे. ताई आता अहवालातले शब्द मला विचारीत नाही, थेट डॉक्टरांनाच विचारते. वाचकहो, तेच योग्य!