भूमिगत सेवावाहिनी सर्वेक्षण

भूमिगत सेवावाहिनी सर्वेक्षण म्हणजे रस्त्याखाली किंवा जमिनीखाली आधीपासून असलेल्या जलवाहिन्या, गॅसवाहिन्या, वीजवाहिन्या, मलनिस्सारण वाहिन्या व दूरसंचार तारा यांचे स्थान, दिशा, खोली आणि प्रकार खोदकामापूर्वी निश्चित करण्याची प्रक्रिया होय. रस्त्याखालून नवी वीजवाहिनी टाकताना हे सर्वेक्षण विशेष महत्त्वाचे ठरते. नव्या वाहिनीला ठरावीक खोली व इतर वाहिन्यांपासून ठरावीक अंतर राखावे लागते आणि खोदकाम करणाऱ्या कामगारांचा जीव जुन्या वाहिन्यांच्या अचूक माहितीवर अवलंबून असतो.

आवश्यकता

शहरातील रस्त्याखालची जागा अनेक संस्थांच्या वाट्याला आलेली असते. मुंबईच्या शहर भागात वीजपुरवठा बेस्ट उपक्रम करतो, पाणी व मलनिस्सारणाचे काम महानगरपालिका पाहते, तर गॅस आणि दूरसंचाराच्या वाहिन्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या असतात. प्रत्येक संस्थेकडे स्वतःच्या वाहिन्यांचे नकाशे असले, तरी सर्व वाहिन्या एकत्र दाखवणारा विश्वसनीय नकाशा सहसा उपलब्ध नसतो. जुन्या नकाशांतील मोजमापे पदपथाच्या कडेपासून किंवा एखाद्या इमारतीच्या भिंतीपासून घेतलेली असतात. रस्ता रुंद झाला किंवा इमारत पाडली गेली की ती निरुपयोगी ठरतात. रस्त्यावर डांबराचे किंवा काँक्रीटचे नवे थर चढल्याने नकाशातील खोलीही बदललेली असते.

चुकीचे परिणाम केवळ आर्थिक नसतात. चालू वीजवाहिनीत पहार किंवा ड्रिल घुसल्यास प्रखर विद्युत ठिणगी निर्माण होऊन कामगार गंभीररीत्या भाजतो. गॅसवाहिनीच्या बाबतीत धोका तात्काळ दिसेलच असे नाही. बेल्जियममधील गिलेंगिएन येथे ३० जुलै २००४ रोजी उच्च दाबाची गॅसवाहिनी फुटून झालेल्या स्फोटात २४ जणांचा मृत्यू झाला. त्या वाहिनीला आधीच्या बांधकामादरम्यान यंत्राचा धक्का लागून इजा झाली होती. तैवानमधील काओश्युंग शहरात ३१ जुलै २०१४ च्या रात्री झालेल्या स्फोटमालिकेत ३२ जण मरण पावले. तेथे प्रोपीलीन वाहून नेणारी नळी सांडपाण्याच्या बंदिस्त नाल्यातून आरपार गेलेली होती व ती गंजून फुटली होती. एका वाहिनीने दुसरीला कोठे छेदले आहे, याची नोंद किती मोलाची असते हे या घटनेतून स्पष्ट होते.

सर्वेक्षणाचे स्तर

ब्रिटनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या व २०२२ साली सुधारित केलेल्या 'पास १२८' या विनिर्देशात सर्वेक्षणाचे चार प्रकार सांगितले आहेत. अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेचे 'एएससीई ३८' हे मानकही अशाच चार स्तरांवर आधारलेले आहे.

ड स्तर: संबंधित संस्थांकडून नकाशे व नोंदी मिळवणे. हा सर्वांत स्वस्त, पण सर्वांत कमी विश्वासार्ह स्तर आहे.

क स्तर: प्रत्यक्ष जागेवर जाऊन मॅनहोल, झडपांची झाकणे, वीजपेट्या, दिव्यांचे खांब इत्यादी दृश्य खुणा नकाशाशी पडताळणे. डांबरावरील खोदाईचा जुना पट्टाही खाली काहीतरी असल्याचे सुचवतो.

ब स्तर: उपकरणांच्या साहाय्याने जमिनीखालील वाहिन्यांचा शोध घेणे.

अ स्तर: चाचणी खड्डा खणून वाहिनी प्रत्यक्ष उघडी करणे आणि तिचे स्थान, खोली, व्यास व साहित्य मोजणे.

हे स्तर क्रमाने पार पाडले जातात. नकाशांमुळे उपकरणांनी कोठे व काय शोधायचे ते कळते आणि उपकरणांमुळे खड्डे कोठे घ्यायचे ते ठरते. सर्वत्र खड्डे घेणे शक्य नसल्याने अ स्तर मुख्यतः छेदनबिंदूंपुरता वापरला जातो.

शोधाची तंत्रे

विद्युतचुंबकीय शोधक

प्रवाह वाहणाऱ्या कोणत्याही तारेभोवती चुंबकीय क्षेत्र असते. शोधक यंत्र हे क्षेत्र पकडून तारेची रेषा दाखवते. वीजवाहिनीतून भारतात ५० हर्ट्झचा प्रवाह वाहत असल्याने त्याच वारंवारतेवर ऐकणे ही सर्वांत सोपी पद्धत होय. तथापि तिच्यावर विसंबून राहणे धोकादायक असते. बंद असलेली किंवा भार नसलेली वाहिनी असा संकेत देत नाही. तिन्ही फेजमधील प्रवाह समतोल असल्यास त्यांची क्षेत्रे एकमेकांना बरीचशी रद्द करतात व चालू वाहिनीदेखील 'गप्प' राहते. म्हणून संकेत मिळाला नाही याचा अर्थ खाली वाहिनी नाही, असा काढता येत नाही.

अधिक खात्रीसाठी प्रेषक यंत्राद्वारे वाहिनीवर ८ किंवा ३३ किलोहर्ट्झसारख्या ठरावीक वारंवारतेचा संकेत सोडून त्याचा माग घेतला जातो. जवळजवळ असलेल्या वाहिन्यांमध्ये हा संकेत शेजारच्या वाहिनीवर उतरू शकतो. उच्च वारंवारतेला ही शक्यता अधिक असते. प्लास्टिकच्या नळ्या व काँक्रीटचे पाइप या पद्धतीने सापडत नाहीत. रिकाम्या नळीत संकेत देणारी लहान कुपी सरकवून मात्र तिचा मार्ग शोधता येतो.

भूवेधी रडार

भूवेधी रडार जमिनीत रेडिओ लहरींचे स्पंद सोडते व पदार्थ बदलताच परत येणारा प्रतिध्वनी नोंदवते. त्यामुळे धातूव्यतिरिक्त इतर साहित्याच्या वाहिन्याही सापडू शकतात. रडार वाहिनीला आडवे छेदत नेल्यास पडद्यावर कमानीसारखी आकृती उमटते आणि तिचा माथा वाहिनीचे स्थान दर्शवतो.

रडार खोली मोजत नाही, वेळ मोजते. खोली काढण्यासाठी मातीतील लहरीचा वेग माहीत असावा लागतो. मातीचा सापेक्ष परावैद्युतांक ९ असल्यास लहर एका नॅनोसेकंदात सुमारे १० सेंटीमीटर जाते. प्रतिध्वनी २० नॅनोसेकंदांनी आला, तर जाण्या-येण्याचे मिळून अंतर २ मीटर, म्हणजे वाहिनीची खोली १ मीटर ठरते. पाण्याचा परावैद्युतांक सुमारे ८० असल्याने माती ओली होताच वेग घटतो आणि जुन्या वेगाने काढलेली खोली चुकते.

जमिनीची विद्युतवाहकता हीदेखील मोठी मर्यादा आहे. दख्खनच्या पठारावरील काळ्या, चिकण मातीत ओलावा असताना लहरी लवकर क्षीण होतात. खाऱ्या पाण्याचा अंश असलेल्या किनारी भरावाच्या जमिनीतही हीच अडचण येते. कोरडी वाळू व कोरडा मुरूम यांत रडार तुलनेने चांगले चालते. कमी वारंवारतेच्या लहरी खोलवर जातात पण बारीक वाहिन्या दाखवत नाहीत. उच्च वारंवारतेच्या बाबतीत उलट घडते. त्यामुळे अनेक यंत्रांत दोन वारंवारता एकत्र वापरतात.

चाचणी खड्डे

चाचणी खड्डा हाताने, विद्युतरोधक मुठीच्या अवजारांनी, हळूहळू खणला जातो. काही देशांत माती शोषून घेणारी निर्वात यंत्रे वापरली जातात. वीजवाहिनीसाठी या खड्ड्यांचा आणखी एक उपयोग असतो. मातीची औष्णिक रोधकता तेथे मोजता येते. मातीतून उष्णता बाहेर पडण्यास जितका अडथळा, तितका वाहिनीला सुरक्षितपणे वाहून नेता येणारा प्रवाह कमी होतो. शेजारी दुसरी भारित वीजवाहिनी असल्यासही प्रवाहक्षमता घटवावी लागते.

वीजवाहिनीच्या आराखड्यातील उपयोग

भारतात ३३ किलोव्होल्टपर्यंतच्या वीजवाहिन्यांसाठी 'आयएस १२५५' ही कार्यसंहिता वापरली जाते. तिच्यानुसार ११ किलोव्होल्टची वाहिनी सामान्यतः ०.९ मीटर व रस्ता ओलांडताना १ मीटर खोल असावी. वीजवाहिनी आणि जलवाहिनी किंवा गॅसवाहिनी यांत किमान ०.३ मीटर अंतर अपेक्षित असते.

समजा, रस्त्याखाली ३०० मिलिमीटर बाह्य व्यासाची जलवाहिनी असून तिचा माथा ०.९ मीटर खोलीवर आहे. तिच्यावरून जायचे तर नव्या नळीचा तळ ०.६ मीटरच्या वर ठेवावा लागेल, म्हणजे आवश्यक १ मीटर खोली मिळणार नाही. खालून जायचे तर जलवाहिनीचा तळ १.२ मीटरवर असल्याने नव्या नळीचा माथा १.५ मीटर खोल हवा. खोलीचा हा अंदाज केवळ उपकरणाने घेतलेला असून त्यात १५ टक्के चूक संभवत असेल, तर माथा सुमारे ०.७७ ते १.०४ मीटर यांदरम्यान कोठेही असू शकतो. म्हणजेच राखलेल्या ०.३ मीटर अंतरापैकी जवळजवळ निम्मे अंतर प्रत्यक्षात नसण्याची शक्यता राहते. अशा ठिकाणी चाचणी खड्डा घेतल्याशिवाय आराखडा अंतिम करता येत नाही.

रस्ता न खोदता आडव्या दिशेने ड्रिल करून वाहिनी ओढण्याच्या पद्धतीत सर्वेक्षणाचे महत्त्व आणखी वाढते. उघड्या चरात कामगाराला जुनी वाहिनी निदान दिसू शकते. ड्रिलचे टोक मात्र जमिनीखाली नजरेआड चालते. त्यामुळे मार्गातील प्रत्येक छेदनबिंदू आधीच पडताळून घेणे इष्ट ठरते.

नोंद व खुणा

सापडलेल्या वाहिन्या रस्त्यावर रंगाने आखल्या जातात. अमेरिकेतील प्रचलित संकेतानुसार विजेसाठी लाल, गॅससाठी पिवळा, दूरसंचारासाठी नारिंगी, पिण्याच्या पाण्यासाठी निळा, मलनिस्सारणासाठी हिरवा आणि नियोजित खोदकामासाठी पांढरा रंग वापरतात. अंतिम नकाशात प्रत्येक वाहिनीपुढे ती कोणत्या स्तराच्या सर्वेक्षणातून नोंदली गेली हे लिहिणे अत्यावश्यक असते. तसे न केल्यास जुन्या कागदावरून उतरवलेली रेषा व खड्ड्यात मोजलेली रेषा वाचणाऱ्याला सारखीच विश्वसनीय वाटते.

खर्च व लाभ

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने १९९९ मध्ये ७१ महामार्ग प्रकल्पांच्या केलेल्या अभ्यासात अशा सर्वेक्षणावर खर्च झालेल्या प्रत्येक डॉलरमागे सरासरी ४.६२ डॉलरची बचत आढळली. वाहिन्या हलवण्याचा खर्च, कामातील विलंब व कंत्राटदारांचे दावे टळणे ही या बचतीची प्रमुख कारणे होती.

भारतातील स्थिती

शहरी रस्त्यांखालील सेवावाहिन्यांच्या मांडणीसाठी भारतीय रस्ते काँग्रेसची 'आयआरसी ९८' ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत. खोदकाम करणारी संस्था आणि वाहिन्यांचे मालक यांच्यात समन्वय साधण्यासाठी दूरसंचार विभागाचे 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप २२ मार्च २०२३ रोजी सुरू झाले. खोदकामाची पूर्वसूचना त्यावर दिल्यावर त्या भागातील वाहिन्यांच्या मालकांना संदेश जातो. अशी सूचना प्रत्यक्ष सर्वेक्षणाला पर्याय ठरत नाही. मालकाकडील नोंदच चुकीची असेल, तर तिच्या आधारे दिलेले उत्तरही चुकीचेच असते.

हे सुद्धा पहा

भूवेधी रडार
भूमिगत वीजवाहिनी
विद्युत सुरक्षा